चायनीज टेकआउटचं लंच स्पेशल: कशाबरोबर काय घ्यावं (काही महिन्यांच्या वापरानंतर)

मध्य न्यू जर्सीत स्ट्रिप मॉलमध्ये लाँड्री आणि नेल सलूनच्या मध्ये एक चायनीज टेकआउट हटकून असतं. आमच्या ऑफिसजवळही आहे. नाव सांगत नाही, कारण या भागातल्या अशा बहुतेक दुकानांचा मेनू सारखाच असतो आणि खाली लिहिलंय ते तुमच्या जवळच्या दुकानालाही लागू पडेल. सोमवार ते शनिवार, ११ ते ३ या वेळात एक मुख्य पदार्थ, भात, आणि एग रोल (आपला अंड्याचा रोल नव्हे, कोबीचं सारण भरून तळलेला), सूप किंवा सोड्याचा म्हणजे कोल्ड्रिंकचा कॅन यांपैकी एक. टॅक्स धरून दहा-अकरा डॉलर. गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून एकदोनदा माझं दुपारचं जेवण तिथूनच येतं.

मेनूवर तीसेक नंबर असतात आणि नवा माणूस त्यातच अडकतो. खरं तर सॉस चारच. सोया आणि चिकन स्टॉकचा ब्राउन सॉस. त्यातला सोया काढला की उरतो तो फिकट, सौम्य व्हाइट सॉस. तिसरा गार्लिक सॉस, ज्यात लसणापेक्षा व्हिनेगर, साखर आणि मिरचीचाच जोर जास्त. चौथा तळलेल्या चिकनवरचा गोड, चकचकीत पाक. चारही दाट होतात ते कॉर्नफ्लोअरनेच. ब्रोकोलीच्या जागी सिमला मिरची आली की नंबर बदलतो, चव नाही. म्हणून आधी सॉस ठरवायचा, मग त्याला शोभेल असा भात आणि सूप. लोक नेमकं उलटं करतात: मुख्य पदार्थावर पाच मिनिटं घालवतात आणि बाकीचं काउंटरवर घाईघाईत ‘फ्राइड राइस, एग रोल’ म्हणून उरकतात.

जनरल त्सो चिकन घ्या. सगळ्यात जास्त खपणारं, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जोडीने खाल्लं जाणारं. चीनच्या हुनान प्रांतातले आचारी पेंग चांग-क्वेई यांनी १९५०च्या दशकात तैवानमध्ये ते बनवलं तेव्हा ते तिखट, आंबट, खारट होतं. साखर आली १९७०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये. आज डब्यात येतो तो जवळजवळ पाकातला प्रकार. त्याच्याबरोबर फ्राइड राइस घेतला तर तेलावर तेल आणि मिठावर साखर. एग रोल घेतला तर तळणावर तळण. याला पांढरा भातच हवा, म्हणजे पाक भातात मुरतो. आणि बाजूला हॉट अँड सावर सूप. त्यातली पांढरी मिरी आणि व्हिनेगर दर दोन घासांनी जीभ साफ करतात, नाहीतर निम्म्या डब्यातच गोडाने तोंड मिटतं. ऑरेंज चिकन आणि सेसमी चिकन यांनाही हाच नियम. शिवाय सॉस वेगळा मागा. बंद डब्यातल्या वाफेने कुरकुरीतपणा दहा मिनिटांत जातो. ऑफिस लांब असेल तर वरचं झाकण किंचित उघडं ठेवूनच गाडी चालवा.

ब्राउन सॉसचं अगदी उलट. बीफ किंवा चिकन विथ ब्रोकोली हा सज्जन, थोडा कंटाळवाणा पदार्थ. इथे फ्राइड राइस शोभतो, एग रोलही शोभतो, आणि सोबत येणारी झणझणीत मोहरीची पुडी त्या एग रोलवर ओतायची. नाकात जाते, पण त्याशिवाय हे जेवण उभं राहत नाही. मू गू गाय पॅन, म्हणजे मश्रूम-चिकनचं व्हाइट सॉसमधलं सौम्य प्रकरण, मला तरी आजारी असतानाच आठवतं. तेव्हा एग ड्रॉप सूप आणि पांढरा भात. बाकी काही नको.

लो मेनची गंमत वेगळी. नूडल्स घेतल्या तरी त्यांच्या हिशोबात भात येतोच. नको म्हणू नका. पांढरा भात घ्या, डब्यात जसाच्या तसा घरी आणा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो सुटा होतो आणि त्याचा फोडणीचा भात आपल्या घरच्या शिळ्या भाताइतकाच छान होतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे. माझ्या मते हा त्या दहा डॉलरचा सगळ्यात चांगला वापर. चाऊ मेन मागवताना मात्र जपून: इथल्या अनेक टेकआउटमध्ये त्या नावाखाली कोबी-सेलरीची पांढरट भाजी आणि वर चुरायला कडक तळलेल्या नूडल्सची पिशवी येते. हक्का नूडल्सची अपेक्षा असेल तर लो मेनच मागा.

दोघांनी मिळून मागवलं तर खरी मजा. टीममध्ये नागपूरचा एक मुलगा आहे, त्याच्याशी माझा करार आहे: एकाचं तळलेलं तर दुसऱ्याचं परतलेलं, एकाचं गोड तर दुसऱ्याचं आंबट-तिखट. सेसमी चिकन आणि गार्लिक सॉसमधलं वांगं ही आमची आवडती जोडी. वांगं तेल पितं, म्हणून दोन्हीकडे पांढरा भात. एक सूप, एक एग रोल. पहिल्यांदा त्याने ऑरेंज आणि मी जनरल त्सो मागवलं होतं तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, हे तर एकाच भाजीचे दोन डबे झाले.’ बरोबर होतं.

श्रावणात मात्र हा मेनू शत्रू होतो. फ्राइड राइस म्हटलं की न विचारता पोर्क फ्राइड राइस येतो. एग रोलमध्ये कोबीत पोर्कचे तुकडे दडलेले असतात. हॉट अँड सावर सूपमध्ये तोफू दिसतो म्हणून ते शाकाहारी होत नाही. अंडं असतंच, बहुधा स्टॉकही मांसाचा. मापो तोफूत आणि परतलेल्या फरसबीत खिमा असू शकतो, आणि ब्रोकोलीच्या ब्राउन सॉसमध्ये ऑयस्टर सॉस. काउंटरवरच्या काकूंना सरळ विचारलं तर त्या प्रामाणिक उत्तर देतात. एकदा मी सूप मागितल्यावर त्यांनीच ‘नो, नो, पोर्क’ म्हणून थांबवलं. मेनूच्या कोपऱ्यात ‘डाएट’ नावाचा विभाग असतो: वाफवलेला तोफू आणि भाज्या, सॉस छोट्या कपात वेगळा. तो सॉस बाजूला ठेवून घरची शेंगदाण्याची चटणी आणि थोडं तेल घालून खाल्लं. श्रावणभर पुरलं.

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांसाठी: इथे मंचुरियन नाही. तो पदार्थ १९७०च्या दशकात मुंबईत नेल्सन वांग यांच्या हातून झाला, चीनशी त्याचा संबंध दूरचा आणि या दुकानांशी काहीच नाही. ट्रिपल शेझवानची तलफ आली तर एडिसनचा ओक ट्री रोड, म्हणजे इथला देशी हॉटेलांचा रस्ता, गाठा. इथे ‘एक्स्ट्रा स्पायसी’ सांगून फक्त चार वाळक्या लाल मिरच्या वाढतात, ज्या कुणी खात नाही. त्याऐवजी चिली ऑइलचा छोटा कप मागा.

तक्रारी आहेतच. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला गर्दीत तेलाला जुना वास येतो, त्या दिवशी तळलेलं टाळते. ब्रोकोलीचे देठ पुष्कळ, फुलं मोजकी. मधल्या काळात किंमत एका डॉलरने वाढली आणि एग रोल मात्र बारीक झाला. जेवल्यावर झोप येते त्याचा दोष ऑफिसात सगळे अजिनोमोटोला देतात. मला वाटतं डब्यातला दोन माणसांचा भात एकट्याने संपवला की कुणालाही झोप येईल.

सोड्याचा कॅन मात्र कधीच घेऊ नका. तेवढ्याच पैशांत सूप मिळतं, आणि सूप ताजं हवं असेल तर साडेअकराच्या आत जा.