अमेरिकेत फिरताना विमानाची तिकिटं: गुगल फ्लाइट्सचा सहा महिन्यांचा अनुभव

२०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलीकडं न्यू जर्सीत एडिसनला गेलो आणि ऑक्टोबरात दादरला परत आलो. मधल्या काळात ऑरलँडो, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, फिनिक्स असं फिरणं झालं. एकूण नऊ विमानं, आणि सगळी तिकिटं मी गुगल फ्लाइट्सवर शोधून काढली. मुलगी-जावई दिवसभर कामात असायचे, त्यांना दर वेळी "जरा बघून दे" म्हणायचं नव्हतं. बँकेत ३२ वर्षं नोकरी केली आहे, आकडे मला परके नाहीत. तरी पहिल्या दोन महिन्यांत बरेच पैसे नाहक गेले. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी आईवडील तिकडं जातात, त्यांचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गुगल फ्लाइट्स भाव दाखवतं आणि पैसे भरायला सहसा विमान कंपनीच्या किंवा एखाद्या एजंटच्या साइटवर पाठवतं. शोधायला मात्र इतकं सोपं दुसरं काही मला सापडलं नाही. तारखांचा तक्ता उघडला की कुठल्या दिवशी गेलं आणि कुठल्या दिवशी परतलं तर किती पडेल, ते एका नजरेत दिसतं. शिकागोला शुक्रवारऐवजी बुधवारी गेलो, तर दोघांचे मिळून ९४ डॉलर वाचले. आम्हा निवृत्त माणसांना वार कुठलाही चालतो, आणि तिकडं स्वस्त तिकीट मिळण्यात याचा मोठा वाटा आहे. भावावर लक्ष ठेवण्याचं बटण दाबून ठेवलं की भाव हलला की ईमेल येते. मी ते प्रत्येक प्रवासासाठी लावून ठेवायचे.

आता बॅगेचं. ऑरलँडोहून परतताना तिकीट ६१ डॉलरचं होतं आणि मी खुशीत होते. गेटवर लोखंडी चौकट ठेवलेली होती. तिथल्या मुलीनं यांच्या हातातली चाकांची बॅग त्या चौकटीत घालायला सांगितली. बॅग अर्धी आत गेली आणि अडकली. यांनी दाबून पाहिली, फिरवून पाहिली. मागं रांग खोळंबलेली. त्या तिकिटात फक्त सीटखाली मावणारी बॅग होती, १८ बाय १४ बाय ८ इंचांची. वर ठेवायची बॅग वेगळ्या पैशांची, आणि गेटवर तिचा दर सगळ्यात चढा. ९९ डॉलर कार्डावरून गेले, म्हणजे तिकिटाहून जास्त. नातवासाठी घेतलेली खेळणी होती त्यात, टाकून तरी कशी देणार? मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर मी शोधताना सगळ्यात आधी 'बॅग्ज' या फिल्टरमध्ये हातातली एक बॅग मांडायला लागले. तसं केलं की बॅगेचे पैसे धरून भाव दिसतात, आणि पहिल्या क्रमांकावरची कंपनी कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जाते. 'बेसिक इकॉनॉमी', म्हणजे कंपनीचं सगळ्यात स्वस्त, कमी सोयींचं तिकीट, असं लिहिलेलं दिसलं की थांबून वाचाच. हा प्रकार प्रत्येक कंपनीत वेगळा आहे. युनायटेडच्या देशांतर्गत बेसिक तिकिटात सीटखालचीच बॅग चालते, डेल्टाच्या तिकिटात वरचीही चालते. नियम बदलतातही. साऊथवेस्टला दोन बॅगा फुकट, असं आम्हाला प्रत्येक नातेवाइकानं सांगितलं होतं. ओकलंड-फिनिक्सचं तिकीट मी १० मेला काढलं, त्यावर त्या खरंच फुकट गेल्या. पण २८ मे २०२५ पासून काढलेल्या साध्या तिकिटांना ती सवलत राहिली नाही; जूनमध्ये काढलेल्या तिकिटावर पहिल्या बॅगेचे ३५ डॉलर भरले.

विमानतळही नीट बघायला हवा. आपल्याला इतकी वर्षं टी-१ की टी-२ एवढंच बघायची सवय. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आता कुठं आणखी एक प्रश्न आला. तिकडं 'न्यूयॉर्क' टाकलं की नेवार्क, लाग्वार्डिया, जेएफके तिन्ही येतात. एडिसनहून नेवार्कच्या विमानतळाला थेट लोकल आहे. जेएफकेला जायचं तर अख्खी न्यूयॉर्क ओलांडायची. १८ डॉलर वाचवायला टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट घालवण्यात अर्थ नाही. उलट भाचीचं घर फ्रीमाँटला, तर सॅन फ्रान्सिस्कोऐवजी ओकलंड आणि सॅन होजे दोन्ही सोयीचे आणि बरेचदा स्वस्तही.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो एका एजंटच्या साइटमुळं. सॅन होजेहून नेवार्कचं तिकीट तिथं माणशी २२ डॉलरनं कमी दिसलं म्हणून घेतलं. तीन आठवड्यांनी विमानाची वेळ पाच तासांनी पुढं गेली. तिकडचा नियम स्पष्ट आहे: देशांतर्गत उड्डाण तीन तास किंवा त्याहून जास्त पुढंमागं झालं आणि तुम्ही ते नाकारलंत, तर पैसे परत मिळतात. पण कंपनी म्हणायची एजंटला विचारा, एजंट म्हणायचा कंपनीकडून उत्तर आलेलं नाही. पैसे यायला सात आठवडे लागले, आणि तोवर नवीन तिकीट आम्ही पदरचे पैसे घालून काढलं. विमान कंपनीकडून थेट घेतलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं. शिवाय कंपनीकडून प्रवासाच्या किमान सात दिवस आधी तिकीट घेतलं, तर २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं, नाहीतर पैसे न भरता तेवढा वेळ भाव धरून ठेवता येतो. मी याचा दोनदा फायदा घेतला. म्हणून शोधायचं गुगलवर आणि पैसे भरायचे कंपनीच्याच साइटवर, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

पैसे भरताना आपल्या कार्डाची एक अडचण येते. पत्त्यात पिनकोड पाच आकड्यांचा मागतात, आपला ४०००२८ सहा आकड्यांचा. आधी देश 'इंडिया' निवडला की चौकट सहा आकडे घेते. परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून इथूनच चालू करून जा. माझ्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजारांमागं ४१३ रुपये. नंतर मी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर भरून ठेवायचं कार्डच वापरलं.

नावाचं म्हणाल तर पासपोर्टावर माझं आणि यांचं नाव एकाच रकान्यात आहे, तसंच ते तिकिटावर घातलं. बोर्डिंग पासवर दोन्ही जोडून छापून येतं, कुणी हरकत घेतली नाही. यांचा गुडघा बदललेला असल्यानं दर वेळी व्हीलचेअर मागितली. ती कायद्यानं फुकट असते, आणि ढकलणारी माणसं फार आपुलकीनं वागली. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका. १०० मिलीचा नियम तिलाही लागतो.

नणंद मार्चमध्ये सिएटलला चालली आहे. काल तिच्याकडं जाऊन टेपनं तिची हातातली बॅग मोजली, चाकं आणि हँडल धरून. २३ इंच भरली. हवी २२ ची, म्हणून शनिवारी दुसरी बघायला जातोय.