अकरा आठवड्यांची फाईल नऊ दिवसांत: एडब्ल्यूएस मार्केटप्लेसचा आमचा अनुभव

मी पुण्याजवळच्या एका मोठ्या वाहन कंपनीत इनडायरेक्ट पर्चेस, म्हणजे गाडीत न बसणाऱ्या वस्तू-सेवांची खरेदी, बघते. त्याआधी बारा वर्षं कास्टिंगची खरेदी केली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये उन्हातान्हात फिरले, पिग आयर्नचा भाव वर गेला की दर किती वाढवायचा यावर तासन्‌तास घासाघीस केली. त्या खरेदीत माल हातात घेता येतो. ड्रॉइंग असतं, पीपॅप (सुट्या भागाच्या मंजुरीचे कागद) असतं, पहिला लॉट रिजेक्ट झाला तर तो परत पाठवता येतो. सॉफ्टवेअरच्या खरेदीत यातलं काहीच नाही, आणि तरीही आमच्याकडे ती बरीच वर्षं कास्टिंगच्याच कागदांवर चालली होती. एडब्ल्यूएस मार्केटप्लेसने, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड कंपनीच्या सॉफ्टवेअर दुकानाने, यात काय बदललं ते सांगायला हे लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. क्रॅश सिम्युलेशनच्या (गाडीच्या धडकेची संगणकावर चाचणी करणाऱ्या) टीमला निकालांची तुलना करण्यासाठी क्लाउडवरचं एक टूल हवं होतं. विक्रेता परदेशी, भाव दोन बैठकांत ठरला. त्यानंतर पीओ (पर्चेस ऑर्डर) निघायला अकरा आठवडे लागले. आधी व्हेंडर कोड, म्हणजे विक्रेत्याची आमच्या सिस्टीममधली नोंद. त्यासाठी त्यांच्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, दोन देशांमधल्या करकराराच्या सवलतीसाठीचा फॉर्म १०एफ, भारतात कायमस्वरूपी आस्थापना नसल्याचं पत्र. आलेलं सर्टिफिकेट मागच्या वर्षाचं निघालं, ते पुन्हा मागवलं. टॅक्सवाल्यांचा नेहमीचा प्रश्न होताच, हे पैसे रॉयल्टी (म्हणजे हक्क वापरण्याचा मोबदला, ज्यावर कर कापावा लागतो) धरायचे की नाही? सुप्रीम कोर्टाने २ मार्च २०२१ च्या निकालात सॉफ्टवेअरच्या प्रतीसाठी परदेशी विक्रेत्याला दिलेले पैसे रॉयल्टी नाहीत असं सांगितलं, पण क्लाउडवरच्या वापराला तो निकाल कसा लावायचा याचं मत प्रत्येक फाईलला नव्याने लेखी घेतलं जातं. २०२३ पासून परदेशी रॉयल्टीवरची कपात १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेली, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते. शेवटी प्रत्येक परदेशी पेमेंटला करखात्याचा १५सीए फॉर्म आणि सीएचा १५सीबी दाखला.

आणि मग करारनामा. आमचा ठरलेला नमुना बेचाळीस पानांचा. लाईन थांबली तर दंड, रिजेक्ट झालेले नग किती दिवसांत उचलायचे, गेट पास, पॅकिंगच्या ट्रॉल्या. तो मी जसाच्या तसा त्या सॉफ्टवेअर कंपनीला पाठवला. त्यांच्या वकिलाने अगदी सभ्यपणे विचारलं की ‘लाईन रिजेक्शन’ (असेंब्ली लाईनवर नापास झालेले नग) म्हणजे काय. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं, कारण तिकडे आमचा एक तरुण इंजिनिअर रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “मॅडम, काही झालं का? आमची टेस्टची तारीख हलत नाही हो.” त्याच्या हातातले अकरा आठवडे आम्ही घेतले होते.

त्यानंतर आमच्या आयटीच्या साहेबांनी एडब्ल्यूएस मार्केटप्लेसचा विषय काढला. आमचा बराचसा क्लाउड आधीच एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनवर होता, म्हणजे कंपनीशी करार, बिलिंग, व्हेंडर कोड सगळं तयार. हे मार्केटप्लेस २०१२ पासून आहे. दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर तिथे मांडलेलं असतं, आपण घेतलं की त्याचे पैसे एडब्ल्यूएसच्या बिलातच येतात. मोठ्या खरेदीदाराने दुकानात लावलेला भाव द्यायचा नसतो. विक्रेत्याशी बाहेर बोलून दर, मुदत आणि हप्ते ठरवायचे, मग तो आपल्या नावाने ‘प्रायव्हेट ऑफर’ टाकतो आणि आपण ती स्वीकारतो. करारासाठी एडब्ल्यूएसचा एक प्रमाण मसुदा आहे. तो विक्रेत्याने स्वीकारलेला असेल तर आमची लीगल टीम तो एकदाच वाचते आणि पुढच्या वेळी फक्त बदल बघते. बेचाळीस पानं गेली. माझ्या दृष्टीने या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

याच पद्धतीने घेतलेली दुसरी खरेदी, त्याच टीमसाठी, नऊ दिवसांत झाली. पाच दिवस भावात, दोन दिवस मंजुरीत. उरलेले दोन कुठे गेले ते सांगते, कारण इतरांनाही ते उपयोगी पडेल. ऑफर ही बारा आकडी अकाउंट नंबरावर टाकलेली असते. आमच्याकडे असे कितीतरी अकाउंट आहेत, टेस्टिंगचं वेगळं, डिझाईनचं वेगळं. विक्रेत्याच्या माणसाने जुन्या मेलमधला नंबर उचलला आणि ऑफर आमच्या एका बंद पडलेल्या टेस्ट अकाउंटवर टाकली. त्याने पाठवलेली लिंक मी उघडली, तर ऑफर दिसेना. पुन्हा उघडली, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडली, काही नाही. त्याचं म्हणणं, मी पाठवली आहे. माझं म्हणणं, आलेली नाही. आणि दोघेही खरं बोलत होतो. तेव्हापासून अकाउंट नंबर मी मेलमध्ये टाईप करत नाही. आयटीच्या माणसाला बिलिंगच्या पानावरून कॉपी करायला सांगते, आणि विक्रेत्याकडून ऑफरचा नंबर व शेवटची तारीख लेखी मागते. ऑफरला मुदत असते, ती संपली की सगळं नव्याने.

ऑफर स्वीकारताना पीओ नंबर टाकायची एक चौकट येते. ती रिकामी ठेवली तरी व्यवहार होतो, पण ती रिकामी ठेवू नका. नंबर टाकला की तो बिलावर छापून येतो आणि अकाउंट्सवाल्यांना सर्व्हिस एंट्री (सेवा मिळाल्याची नोंद) करून बिल जुळवायला पाच मिनिटं लागतात. तो नसला तर महिन्याच्या मोठ्या क्लाउड बिलातून आपली एक ओळ शोधत बसावं लागतं.

आता भावाबद्दल. हे दुकान तुमच्या वतीने घासाघीस करत नाही. तो भाग पूर्वीइतकाच आपला आहे, किंबहुना जास्त, कारण सगळं पटकन होतंय म्हटल्यावर इंजिनिअरिंगवाले ‘घ्या ना मॅडम लवकर’ म्हणतात. खरेदीदाराकडून एडब्ल्यूएस वेगळी फी घेत नाही, ती विक्रेत्याकडून घेते. जानेवारी २०२४ पासून प्रायव्हेट ऑफरवर ती दहा लाख डॉलरच्या आत ३ टक्के, त्यापुढे १ कोटी डॉलरपर्यंत २ टक्के आणि त्याहून मोठ्या सौद्याला दीड टक्का आहे. हे आकडे पाठ असलेले बरे. एका विक्रेत्याने मला ‘मार्केटप्लेसमुळे आठ टक्के जास्त पडतील’ असं सांगितलं होतं. मी हे दर सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी ते आठ टक्के कोटेशनमधून गेले. मात्र तीन कोटेशन आणि त्यांच्या तुलनेचा तक्ता, म्हणजे कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, मी सोडलेलं नाही. ते ऑफरच्या आधी होतं, एवढाच फरक.

दुसरा फायदा फायनान्सला आवडतो. एडब्ल्यूएसशी वर्षाला अमुक खर्च करू अशी हमी दिलेली असेल तर त्यातला २५ टक्क्यांपर्यंतचा भाग मार्केटप्लेसच्या खरेदीतून भरता येतो. पण मे २०२५ पासून अट कडक झाली आहे. जे सॉफ्टवेअर पूर्णपणे एडब्ल्यूएसवरच चालतं तेच या हिशेबात धरलं जातं. म्हणून सौदा करण्याआधी त्या उत्पादनाच्या पानावरची तशी खूण बघा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

टॅक्सची भानगड कमी झाली का? अर्धी. विक्रेता भारतात नोंदलेला असेल तर रुपयात, जीएसटीच्या बिलावर व्यवहार होतो आणि आमच्या लोकांना तो अगदी ओळखीचा वाटतो. परदेशी विक्रेता असेल तर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा आणि टीडीएसचं मत घ्यायचंच. सल्लागाराला पहिल्या दिवसापासून फाईलवर ठेवा.

सुरक्षेच्या बाबतीत मी हट्टी आहे. आमच्या फायलींमध्ये बाजारात न आलेल्या गाडीची बॉडी असते. मार्केटप्लेसवर काही विक्रेत्यांची आयएसओ २७००१ किंवा सॉक २ या माहिती-सुरक्षेच्या तपासण्यांची माहिती एका जागी मिळते, तेवढे प्रश्न विचारायचे कमी होतात. पण जर्मन भागीदारांचा डेटा असेल तर टिसॅक्स हे वाहन उद्योगातलं माहिती-सुरक्षेचं लेबल लागतं. ते ईएनएक्स असोसिएशन चालवते, लेबल तीन वर्षं टिकतं, आणि ते विक्रेत्याकडून वेगळं मागून तपासावंच लागतं. मी स्कोप आयडी (त्या तपासणीचा क्रमांक) हातात आल्याशिवाय मंजुरीला फाईल पाठवत नाही, मग टीम कितीही घाईत असो.

ज्या सोयीने माझी झोप परत आणली ती मात्र प्रायव्हेट मार्केटप्लेस. आपल्या लोकांना फक्त मंजूर केलेलीच उत्पादनं घेता येतील अशी यादी लावता येते. त्याआधी तीन विभागांनी एकच टूल आपापल्या क्रेडिट कार्डावर घेतलं होतं. मोजायला बसलो तेव्हा ६४० सीटचे (वापरकर्त्यांच्या परवान्यांचे) पैसे जात होते आणि नव्वद दिवसांत लॉगिन केलेली माणसं २७० होती. हे पैसे प्लांटमध्ये राबणाऱ्या माणसांनी कमावलेले असतात. मी ते टेबल छापून विभागप्रमुखांसमोर ठेवलं आणि त्याच आठवड्यात यादी लागली.

सगळंच इथून घेऊ नका. आमचं मुख्य डिझाईन सॉफ्टवेअर आजही थेट कराराने येतं, कारण तो करार मुख्यालय जगभरासाठी एकत्र करतं आणि तिथला दर मला इथे मिळणार नाही. ज्यांचा क्लाउड दुसऱ्याच कंपनीवर आहे त्यांनी फक्त खरेदी सोपी होते म्हणून इकडे येण्यात अर्थ नाही.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण राखला तो परदेशी विक्रेत्यांच्या टॅक्सच्या कामासाठी, ते अजून आमच्याच अंगावर आहे. क्रॅशच्या टीमचं रिन्यूअल ऑक्टोबरमध्ये आहे. विक्रेत्याला पंचेचाळीस दिवस आधी ऑफर टाकायला सांगितलंय, योग्य अकाउंट नंबर आयटीने पाठवलाय, आणि तो इंजिनिअर आता माझ्या टेबलाशी उभा राहत नाही.