नेटबॉक्समध्ये रॅकची वीज मांडून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

आमची संस्था सहकारी. मुख्य ऑफिस बेळगावात, शाखा निपाणी, चिकोडी, खानापूरपर्यंत. सर्व्हर रूम म्हणजे चार रॅक (सर्व्हर ठेवायची उंच कपाटं), दोन २० केव्हीएचे यूपीएस आणि मागच्या बाजूला जनरेटर. डेटा सेंटर म्हणायला जीभ जरा अडखळतेच. पण कुठली वायर कुठं जाते हे एकाच माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस गेल्या वर्षी पुण्याला गेला. मागे राहिली त्याची एक्सेल शीट. तिच्यात एका ओळीत लिहिलं होतं, "रॅक ३, बहुतेक डावीकडचा." दसरा झाल्यावर नेटबॉक्स, म्हणजे कुठलं यंत्र कुठं आहे आणि कशाला जोडलंय हे लिहून ठेवायचं सॉफ्टवेअर, बसवलं ते त्या 'बहुतेक'पायी.

सॉफ्टवेअर फुकट आहे. डिजिटलओशन या अमेरिकन क्लाउड कंपनीत तयार झालं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. जँगो, पोस्टग्रेस, रेडिस, ही तीन फुकट सॉफ्टवेअर जमवली की चालतं. बसवायला एक दुपार गेली. आयपी पत्ते, स्विच, रॅकचं चित्र याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मी फक्त विजेबद्दल लिहितो, कारण माझे नऊ महिने त्यातच गेले.

मांडणी साधी आहे. पॅनल, पॅनलमधून निघणारा फीड (रॅककडे जाणारी विजेची लाइन), फीडला जोडलेला पीडीयूचा (रॅकमधल्या प्लगच्या लांब बोर्डाचा) पॉवर पोर्ट म्हणजे वीज आत घेणारं तोंड, पीडीयूचे आउटलेट म्हणजे प्लग लावायच्या जागा, आणि आउटलेटला लागलेला सर्व्हरचा पॉवर पोर्ट. प्रत्येक जोड म्हणजे एक केबल. केबलवर क्लिक केलं की पूर्ण वाट दिसते. ही वाट भरायची म्हणून आम्ही दोघं तीन रविवार रॅकच्या मागे टॉर्च घेऊन बसलो. एकाच पीडीयूवर दोन्ही पॉवर सप्लाय लावलेले, म्हणजे तो पीडीयू गेला की बंद पडणारे, पाच सर्व्हर सापडले. एक केबल तर कुठेच जात नव्हती, टाय लावून नीट गुंडाळून ठेवलेली होती. सॉफ्टवेअरनं पुढे काही केलं नसतं तरी तेवढ्यात पैसे वसूल होते.

आता चुका. सगळ्या माझ्याच.

नवीन फीड केला की त्यात आपोआप १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर येतं. अमेरिकेतलं गणित. मी पहिले चार फीड तसेच सेव्ह केले आणि प्रत्येक रॅक भरून वाहतोय असं दिसल्यावर घाबरलो. कॉन्फिगरेशनमध्ये हे आकडे बदलता येतात. २३० आणि १६ करून टाका, मगच पुढे जा. तिसरा आकडा ८० टक्क्यांचा असतो, तो राहू द्या. फीडच्या क्षमतेतला तेवढाच भाग नेटबॉक्स वापरायला मोकळा धरतं. म्हणजे १६ अँपिअरच्या सिंगल फेज फीडला २९४४ वॉट, ३२ च्याला ५८८८.

दुसरी चूक पीडीयूची. मोठ्या कंपन्यांचे नमुने लोकांनी बनवून ठेवलेत, ते आयात करता येतात. आमचा पीडीयू उद्यमबागेतल्या ओळखीच्या माणसाकडून बनवून घेतलेला, त्यामुळे नमुना हातानं लिहिला. आउटलेट चोवीस टाकले, पण ते पीडीयूच्या कुठल्या पॉवर पोर्टवरून चालतात तो रकाना रिकामा राहिला. दोन दिवस सगळ्या फीडवर लोड शून्य. तो रकाना भरला नाही तर खालचं लोड वर चढतच नाही. उलट पीडीयूच्या स्वतःच्या पोर्टवर हातानं वॉट लिहिले तर ते तुमचाच आकडा खरा मानतं आणि खालच्या सर्व्हरची बेरीज सोडून देतं.

थ्री फेज फीडला ते व्होल्टेज गुणिले अँपिअर गुणिले १.७३२ करतं. म्हणजे तिथं फेज-टू-फेजचा, दोन फेजमधल्या व्होल्टेजचा, आकडा हवा. आमच्या पॅनलवर ४१५ लिहिलंय. ३२ अँपिअरला, ८० टक्के धरून, त्याचे सुमारे १८,४०० वॉट होतात. मी सवयीनं २३० टाकलं तर १०,२०० च्या आसपास आले. चूक चुपचाप होते, कुठे लाल दिसत नाही.

आणि नावांचा घोळ. आपल्याकडे फेज म्हणजे आर, वाय, बी. नेटबॉक्समध्ये आउटलेटचा फेज ए, बी, सी. त्यात आम्ही दोन यूपीएसना ए आणि बी म्हणत होतो. आमचे इलेक्ट्रिशियन काका हुक्केरीकडचे, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतात. पॅनलपाशी उभे राहून त्यांनी फोनवर विचारलं, "ए काढला साहेब, बी बी काढू काय?" त्यांचा हात निळ्या फेजवर होता, माझ्या डोक्यात दुसरा यूपीएस. मी "थांबा" म्हणालो म्हणून निभावलं. त्या दिवसापासून यूपीएसची नावं 'दार' आणि 'खिडकी', जे जिथं आहे त्यावरून. देवनागरीत नावं घेतं, काही कुरकुर करत नाही.

आता फेब्रुवारीची गोष्ट. रॅक दोनमध्ये सगळी यंत्रं दोन-दोन पॉवर सप्लायची. टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावून, संध्याकाळी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, चालू असताना, प्रत्येक केबलचं खरं लोड मोजलं होतं आणि ते त्या-त्या पोर्टवर लिहिलं होतं. दार फीडवर २३००, खिडकी फीडवर २२५०. नेटबॉक्समध्ये रॅकची किती क्षमता वापरली हे दाखवणारी पट्टी ७७ टक्के. मी ती पट्टी बघून निवांत होतो. रविवारी दाराकडच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला घेतल्या. सगळं खिडकीवर गेलं, ४५५० वॉट, म्हणजे जवळजवळ २० अँपिअर, १६ च्या एमसीबीवर (जादा लोड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर). तिनं पस्तीस-चाळीस मिनिटं तग धरला. एवढ्या जादा लोडवर एमसीबी लगेच पडत नाही, तापून पडते. त्यामुळे आम्ही तोवर चहाला बाहेर होतो.

रॅक दोन काळा झाला. नेटबॉक्स त्याच रॅकमध्ये. म्हणजे कुठली केबल कुठं जाते हे सांगणारं यंत्रच बंद. (आता दर महिन्याला कागदावर छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. हसा.)

चूक आकड्यात नव्हती, आकड्याच्या अर्थात होती. रॅकच्या पट्टीत ते दोन्ही फीडची क्षमता एकत्र धरतं, दोन्हीकडचं लोड एकत्र धरतं आणि टक्के काढतं. फीडवर प्रायमरी की रिडंडंट, म्हणजे मुख्य की राखीव, असं लिहायची सोय आहे, पण ते लिहिल्यानं या बेरजेत फरक पडत नाही. दोन फीड एकमेकांचा आधार म्हणून ठेवलेत, दोन्ही एका वेळी वापरायला नव्हेत, हे तुम्हाला ठाऊक असतं, त्याला नाही.

काका आले, एमसीबीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "तुमचं कॉम्प्युटर काय म्हणतंय ते असू दे, वायर काय म्हणतीय ते बघा की."

त्यानंतर पद्धत बदलली. सर्व्हर ४०० वॉट खात असेल तर दोन्ही पोर्टवर २००-२०० नाही लिहायचं, दोन्हीवर ४०० लिहायचं. एकूण बेरीज खोटी होते, पण प्रत्येक फीड 'दुसरा मेला तर काय' याचं उत्तर देतो. तसं लिहिलं त्या दिवशी रॅक दोनचे दोन्ही फीड २९४४ समोर ४५५० दाखवायला लागले. दीडपट. महिनाअखेरीच्या आत ३२ अँपिअरच्या नव्या केबल आणि एमसीबी बसवल्या. मार्च एंडिंग त्यावरच पार पडली.

एक उणीव मात्र राहतेच. नेटबॉक्सच्या लेखी वीज पॅनलमध्ये जन्माला येते. पॅनलला क्षमता नाही, त्याच्या मागे यूपीएस, जनरेटर काही नाही. आमच्या दार पॅनलवरच्या चार फीडची बेरीज ३०,००० च्या वर जाते आणि मागे यूपीएस २० केव्हीएचा. नेटबॉक्स त्यावर एका शब्दानं बोलत नाही. खानापूरकडे पाऊस लागला की आमची खरी काळजी पॅनलच्या अलीकडेच असते, म्हणून यूपीएसचा हिशेब अजून वहीत आहे. आणि हे मोजमाप करणारं यंत्र नाही, आपण लिहू तेच दाखवतं. टाँग टेस्टर दर तीन महिन्यांनी लागतोच.

चार रॅक असतील तर घ्या. दोन असतील तर वही पुरे. चाळीस असतील तर माझ्यापेक्षा अनुभवी माणसाला विचारा.

रॅक दोनचे दोन्ही फीड आता ५८८८ चे आहेत, दोन्हींवर ४५५० लिहिलंय. पट्टी परत ७७ टक्केच दाखवते.