केदारकंठाच्या नावाखाली ४१,२०० रुपयांना गंडवलं, बुकिंग करायच्या आधी वाचा

डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करायचा प्लॅन असेल आणि इन्स्टावर कोणी ८,५०० मध्ये "सगळं इन्क्लुडेड" देत असेल तर दोन मिनिटं थांबा. आम्ही चौघं. पॅकेजचे ३४,०००, स्पाइक्स-गेटर्सच्या (बर्फात बुटांना लावायचे खिळे आणि पायांची कव्हरं) भाड्याचे ४,८००, फॉरेस्ट परमिट आणि इन्शुरन्सचे २,४००. टोटल ४१,२०० पाण्यात. पद्धत तुम्हाला माहितीच आहे, गोड बोलणं, "सर चारच सीट उरल्यात", क्यूआर कोड, मग फोन बंद. ते परत उगाळत नाही.

डोक्यात जातो तो व्हिडिओ. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे बर्फाची खात्री नसते, जमून बर्फ मिळतो तो साधारण महिनाअखेरीपासून, एवढं मला माहिती होतं म्हणून मी मुद्दाम विचारलं की आत्ता बर्फ आहे का. अर्ध्या तासात व्हिडिओ आला, "सर आज सुबह का, जुडा का तालाब", म्हणजे ट्रेकच्या वाटेतला तलाव. गुडघाभर बर्फ आणि मागे झाडावर लालभडक फुलं. बायको म्हणाली, एवढ्या थंडीत फुलं कशी? मी म्हटलं पहाडात असतात. ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावातल्या होमस्टेवाल्या काकांनी बघताक्षणी सांगितलं, "ये बुरांश है, ये तो मार्च का वीडियो है". आता पुण्यात राहणाऱ्या माणसाला बुरांश कधी फुलतो हे कसं कळणार? राजगड-तोरणा करणाऱ्यांना कारवी विचारा, सांगतील.

बरं, डेहराडूनला स्टेशनवर गाडी खरंच आली होती, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. मसुरी, पुरोला, मोरी करत २०० किलोमीटर, आख्खा दिवस गेला, आणि सांक्रीत उतरल्यावर ड्रायव्हर म्हणतो भाडं ७,००० तुम्ही द्यायचंय. त्यालाही टोपीच घातली होती. त्याआधी नैटवाडच्या चेकपोस्टवर परमिटची पीडीएफ दाखवली तर तिथला माणूस हसला. मोठी करून बघितली, आमची चार नावं वेगळ्याच फॉन्टमध्ये, तारखेच्या मागे खोडल्यासारखा पांढरा चौकोन. हा ट्रेक गोविंद पशु विहार अभयारण्यात येतो, तिथे परमिटशिवाय जाता येत नाही, म्हणजे ते पैसे परत भरा.

शेवटी तिथल्याच एका गाईडला धरून १२,५०० फुटांवर गेलो, परत २२,००० देऊन. तलावापर्यंत बर्फाचा पत्ता नाही, वर पातळ थर, पण पहाटे तीनला निघतो तेव्हा पाणी झिरपून गोठलेले पॅच काचेसारखे असतात, अंधारात दिसतही नाहीत. स्पाइक्स नसते तर हाडं मोडली असती. भाड्याने घेताना रबर ताणून बघा, साखळीला तार बांधलेली असेल तर परत करा.

आता पोलीस. सांक्रीत रेंज धड नाही, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा म्हणतात, करणार कुठून? ह्या लोकांना ते पक्कं माहिती असतं. डेहराडूनला उतरून चौकीत गेलो तर "पेमेंट पुणे से हुआ ना, वहीं करो". घरी आलो तर इथले साहेब म्हणतात गुन्हा उत्तराखंडात घडलाय. अहो १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते! मोबाईलवर काढून दाखवलं तर "तुम्ही वकील आहात का?" दोन तास बाकड्यावर बसवून एक साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. बँकेचं तर वेगळंच, पिन तुम्हीच टाकलात ना सर, मग आम्ही काय करणार. म्हणजे खातं कोणाच्या नावावर आहे हे बँकेला दिसतं, पोलिसांना विचारता येतं, आणि पळापळ मी करायची!

पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा, आमच्या वेळी "अकाउंटंटचं खातं आहे" असं सांगितलं होतं. होमस्टेचा नंबर मागा आणि स्वतः फोन लावा. बर्फ बघायचा असेल तर व्हिडिओ कॉल करायला सांगा.

ते पेज आता नाव बदलून जानेवारीची बॅच विकतंय, ७,९९९ मध्ये.