टनभराचा ट्रेलर ओढायचाय: जुनी कॅम्पर की जुनी व्ही-क्रॉस?

मंडपाचा जनरेटर असो की पाण्याची टाकी, टनभराच्या आतला ट्रेलर मागे लावायचा आणि चार माणसंही बसवायची तर डबल केबिन हवी. ठाण्यात जुनी गाडी शोधायला निघालं की मग घोडं दोन नावांपाशी अडतं: महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि इसुझूची व्ही-क्रॉस. दोन्ही शिडीच्या चेसिसच्या, दोघींना मागे पाटे. एवढं ओझं दोघीही ओढतील.

कागदावर व्ही-क्रॉस पुढे. २०१६ साली आलेल्या अडीच लिटरच्या गाडीचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ३२० न्यूटन-मीटर, कॅम्परचा २००. नाशिकच्या मोकळ्या रस्त्याला मागे ट्रेलर आहे हेच विसरायला होतं. गाडी अंगाने जड, त्यामुळे ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला तरी ती डगमगत नाही. ब्रेकही मला तिचेच बरे वाटले. छोट्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, थांबवायचं सगळं काम पुढच्या गाडीला करावं लागतं. तेव्हा हा मुद्दा लहान नाही.

तरी मी कॅम्पर घेतली, ती गायमुखच्या चढामुळे. घोडबंदर रोडला तिथे कोंडी झाली की गाड्या हातभर सरकतात, थांबतात, पुन्हा हातभर सरकतात. व्ही-क्रॉसचा पूर्ण जोर येतो १८०० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या), त्याखाली इंजिन मरगळलेलं. मित्राची गाडी मी ट्रेलरसकट त्या चढावर चालवली आहे. दर वेळी रेस द्या, हाफ क्लच धरा, आणि थोड्या वेळाने केबिनमध्ये तो जळका वास. फोर-लो टाका, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, असं कोणी म्हणेल. पण तिच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच नाही. कोरड्या काँक्रीटवर वळण घेताना चाकं एकमेकांना अडवतात आणि ताण गिअरवर येतो. कॅम्परचा जोर कमी, पण १४०० लाच हाताशी. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी ती रांगत राहते. माझ्या डाव्या पायाला एवढा फरक पुरला.

कॅम्पर बहुतेक पिवळ्या पाटीची मिळते, सोसायटीत रात्री उभी करायला सेक्रेटरींना आधी विचारलेलं बरं. आणि आरसीवरून जे लदान (गाडीत भरायचं वजन) निघतं, ते ओढायचं वजन नव्हे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर बसतो, तो लदानातून वजा करा. कायद्याने ट्रेलरही मोटार वाहनच, त्याची नोंदणी वेगळी.

रोज महामार्गच असेल तर माझं ऐकू नका, व्ही-क्रॉस बघा. कळवा, ऐरोली, वाशी, फार तर मुंब्रा बायपास एवढंच फिरणं असेल, तर मला तरी कॅम्पर सोयीची वाटते.

कोणतीही बघायला गेलात तरी हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच संपत आलाय. मग खाली वाकून हुक नुसत्या बंपरला लावलाय की चेसिसला, ते बघा. खाडीच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी असेल तर मागची आडवी पट्टी ठोकून बघा. तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला, तर भावाची बोलणी सुरूच करू नका.