५ मिमीची ‘३के’ कार्बन शीट: ड्रोनच्या आर्मसाठी घ्यावी का?

‘३के ट्विल’ (एका धाग्यात तीन हजार तंतू असलेलं, तिरप्या विणीचं कार्बन कापड) म्हणून विकली जाणारी शीट वरून झकास दिसते. पण ट्विलचं कापड बहुधा वरच्या आणि खालच्या एकेका थरातच असतं. आत सगळे यूडीचे, म्हणजे एकाच दिशेने तंतू असलेले थर, ०° आणि ९०° असे आलटून पालटून. ५ इंची पंख्यांच्या एफपीव्हीचे (कॅमेऱ्यातून पाहत उडवायच्या ड्रोनचे) आर्म, म्हणजे मोटर धरणारे हात, यातूनच कापले जातात.

ताठपणाला नावं ठेवायला जागा नाही. आर्म ०° च्या दिशेने कापला तर तो कमी वाकतो, कंपनही कमी. रडगाणं सुरू होतं आपटल्यावर. शेजारच्या दोन थरांच्या कोनात जितका फरक, तितका वाकतानाच्या त्यांच्या ताठपणातही फरक, आणि थर सुटतात ते नेमके तिथेच. ०°/९०° ही त्यातली सर्वांत वाईट जोडी. सुटलेला भाग शेंगदाण्याच्या आकाराचा असतो आणि खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने लांबतो.

त्याहून वाईट म्हणजे एकाच कोनाचे थर लागोपाठ लावलेली शीट. कोन बदलण्याच्या जागा कमी होतात, मग सगळी ऊर्जा त्या मोजक्या जागांवर उतरते आणि प्रत्येक ठिकाणी मोठा भाग सुटतो. जाड यूडी वापरून थरांची संख्या वाचवली तरी परिणाम तोच. म्हणून घेण्याआधी नमुन्याची कड ४०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने ओली घासून भिंगातून पाहा. एकाच छटेचा पट्टा (म्हणजे एकाच कोनाचे थर) अर्ध्या मिलिमीटरहून बराच जाड दिसला तर ती शीट आर्मसाठी नको.

क्वासी-आयसोट्रॉपिक, म्हणजे सगळ्या दिशांना जवळपास सारखी ताठ असलेली शीट (४५/०/-४५/९०) महाग पडते. आघाताच्या एएसटीएम डी७१३६ या प्रमाणित चाचणीचा नेहमीचा नमुना याच रचनेचा असतो. बॉडी प्लेटसाठी ती उत्तम, कारण तिथे मार कुठूनही बसतो. आर्मसाठी मात्र पैसे वाया: लांबीच्या दिशेने जेमतेम पाव तंतू, त्यामुळे आर्म लवचीक होतो.

जमत असेल तर शीट बनवूनच घ्या. ०.२५ मिमीचे २० थर धरले तर वरून मध्यापर्यंत: ४५° वर फिरवलेलं ट्विल, ०, ०, ४५, ०, -४५, ०, ०, ९०, ०, खालचा अर्धा भाग याचंच प्रतिबिंब. कुठेही दोनाहून जास्त सारखे थर सलग नाहीत, आणि बाहेरचं ट्विल मागच्या बाजूला तंतू उभे चिरत जाणं बरंच रोखतं. प्रतिबिंब चुकलं तर शीट ओव्हनमधून वाकडीच बाहेर येते.

क्रॅशनंतर वरच्या बाजूवर विसंबू नका. तिथे नुसता पुसटसा खळगा दिसेल. आर्म पातळ असल्याने चिरा आधी मागच्या बाजूला उमटतात. नाण्याने टिचकी मारत जा, खणखणीत आवाज अचानक बद्द झाला की तिथे थर सुटलेत. कडेला सोडलेला सुपरग्लू कड बंद करतो, आतले थर जोडत नाही. तो आर्म बदलाच.

आणि ऑर्डर देताना ०° म्हणजे आर्मची लांबी, हे ड्रॉइंगवर बाणाने दाखवा. नाहीतर कापणारा शीट वाचवायला आर्म तिरपे मांडतो, आणि वर सांगितलेली सगळी रचना फुकट जाते.