हायब्रिड ट्रॅव्हल ट्रेलर: काही महिने वापरल्यानंतर, नव्या मालकांसाठी

घडीचा तंबू-ट्रेलर विकून आम्ही हायब्रिड घेतला, त्याला आता काही महिने झाले. या काळात कडक ऊन, रात्रभर कोसळणारा पाऊस आणि दव गोठवणारी थंडी असं तिन्ही बघून झालं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हाच प्रकार घेईन. पण नवे मालक बऱ्याचदा याला लहान आकाराचं पक्कं कॅराव्हॅन समजून घेतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात वैतागतात. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रचना आधी समजून घ्या. मधला भाग पक्क्या भिंतींचा आणि पक्क्या छताचा असतो. पुढे आणि मागे, काही मॉडेलमध्ये एका बाजूलाही, भिंतीतलं मोठं दार बाहेर खाली पडतं. तेच दार पलंगाची फळी बनतं आणि त्यावर कापडी तंबू उभा राहतो. त्यामुळे ओढताना ट्रेलर आखूड आणि हलका असतो, तरी मुक्कामाला सगळं कुटुंब पाय पसरून झोपतं, आणि मधली जागा दिवसभर बसायला, स्वयंपाकाला मोकळी राहते. घडीच्या ट्रेलरमधून येणाऱ्यांना हा बदल फार सुखाचा वाटेल. भर पावसातही आत शिरून लगेच चहा ठेवता येतो, बाथरूम वापरता येतं. तंबू नंतर सावकाश उघडले तरी चालतं.

मात्र चूल, फ्रिज, टाक्या या सगळ्यांपेक्षा या ट्रेलरमध्ये ते कापडच जास्त गोष्टी ठरवतं. जागा कुठली निवडायची, सकाळी किती वाजता निघायचं, घरी परतल्यावर काय करायचं, सगळं त्याच्या हिशेबानं. हे एकदा मान्य केलं की हायब्रिड वापरायला फार आनंदाचा आहे.

म्हणून पहिला नियम कापडाचा. ओलं कापड मिटावं लागलं तर मिटा, पण एक-दोन दिवसांच्या आत ते पुन्हा पूर्ण उघडून वाळवा. उन्हाळ्यात तर त्याच दिवशी. मिटलेल्या दारामागे हवा अजिबात खेळत नाही, गादी आणि कापड एकमेकांना चिकटून बसतात, आणि बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. बुरशीचे काळे ठिपके एकदा कापडात मुरले की वास जाईल कदाचित, डाग जात नाहीत. आम्ही आता सुट्टीचा बेत आखतानाच परतीनंतरचा अर्धा दिवस वाळवण्यासाठी राखून ठेवतो. तुमचा ट्रेलर दारात राहणार नसेल, भाड्याच्या आवारात ठेवणार असाल, तर तिथे दोन्ही बाजूंचे तंबू उघडता येतील का, हे जागा ठरवण्यापूर्वीच विचारा. दोन गाड्यांच्या मध्ये चेपून उभा केलेला हायब्रिड वाळवता येत नाही.

ओलं मिटताना एक साधी युक्ती फार कामाला येते. पांघरुणं, उशा आधी आत घ्या, गादीवर प्लॅस्टिकचा मोठा कागद किंवा बाथरूमचा जाड पडदा पसरा, कापड आतून-बाहेरून टॉवेलनं पुसून घ्या, आणि मगच दार उचला. कागद नसेल तर ओलं कापड गादीवर दाबलं जातं आणि फोम पाणी शोषून घेतो. कापड तासाभरात वाळतं, गादीला दिवस लागतात.

कापड सुती असेल तर नवेपणी शिवणीतून थोडं पाणी झिरपतं. त्याला घाबरू नका. घरीच तंबू उघडा, नळीनं भिजवा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा भिजवा. दोरा फुगतो आणि सुईची भोकं भरून येतात. धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कपड्याच्या साबणानं पाणी परतवणारा थर निघून जातो. आणि पावसाचा अंदाज असेल तर छत चांगलं ताणून ठेवा. कापड सैल राहिलं की मधोमध पाणी साठतं, वजनानं आणखी खाली झुकतं, आणखी साठतं. ताणणाऱ्या रबरी दोऱ्या काही काळानं ढिल्या पडतात, जादा जोडी बरोबर असू द्या.

पाऊस नसतानाही सकाळी कापड आतून ओलं असतं, आणि नवे मालक त्यालाच गळती समजतात. ती बहुतेक वेळा आपल्याच श्वासातली वाफ असते. थंड कापडावर ती पाणी होऊन बसते. त्यात आत गॅसवर स्वयंपाक केला असेल तर भर पडते: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. म्हणून थंडीत शक्यतो बाहेर शिजवा, नाहीतर एग्झॉस्ट पंखा चालू ठेवा. झोपताना छताची खिडकी बोटभर उघडी आणि तंबूच्या खिडकीची झडप खालून थोडी मोकळी ठेवली की हवा फिरत राहते. थोडी ऊब जाते, पण कोरडं राहणं महत्त्वाचं. गादीच्या खालच्या बाजूलाही हात घालून बघा. खाली थंड फळी, वर उबदार शरीर, आणि मध्ये ओल साचते. आम्ही गादीखाली जाळीदार चटई घातली आणि ही तक्रार जवळजवळ संपली.

ऊन आणि थंडी दोन्हींसाठी तंबूच्या छतावर टाकायची चंदेरी परावर्तक चादर घ्याच. बाजारात तयार मिळते, मोजमाप घेऊन शिवूनही घेता येते. दुपारच्या उन्हात तंबूत पडता येईल की नाही, हे त्या चादरीवर अवलंबून असतं. एसी मधल्या भागातल्या हवेला थंड करतो, तंबूच्या टोकापर्यंत त्याचा प्रभाव पोहोचत नाही, म्हणून तिथे छोटा पंखा लावा. कापडाच्या पातळ भिंतीमुळे बाहेरचा आवाजही सगळा आत येतो. हलकी झोप असणाऱ्यांनी मधल्या सोफ्यावर झोपायची तयारी ठेवावी.

आता जागेची निवड. पक्क्या ट्रेलरची लांबी धरून जागा घेऊ नका, दोन्ही पलंग उघडल्यावरची लांबी धरा. मागच्या पलंगावर झुकलेली फांदी वाऱ्यात रात्रभर कापडावर घासते. पुढचा पलंग बहुतेक मॉडेलमध्ये ट्रेलर ओढायची दांडी आणि गॅसच्या टाक्यांवर उघडतो, त्यामुळे गाडी जोडलेली असताना तो उघडता येत नाही, किंवा उघडला तर गाडीचं मागचं दार अडतं. याचा परिणाम प्रवासावर होतो. लांबच्या रस्त्यावर रात्री कुठेतरी थांबून चार तास झोपायचं असेल तर मधल्या भागात किती जण मावतात, हे घेतानाच मोजा. पलंग न उघडता बाथरूम आणि फ्रिजपर्यंत पोहोचता येतं का, तेही तपासा.

अस्वलांचा वावर असलेल्या काही ठिकाणी कापडी भिंतींना परवानगीच नसते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज इथल्या तळावर फक्त पक्क्या भिंतींची वाहनं चालतात, तंबू आणि तंबू-ट्रेलर चालत नाहीत. अशा ठिकाणी हायब्रिड कुठल्या गटात धरतात हे आरक्षणाआधी विचारून घ्या. आणि नियम असो वा नसो, अशा भागात झोपायच्या कापडी भागात खाण्याची कुठलीही वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, ठेवू नका.

उभा करण्याचा क्रम पाठ करून टाका. आधी डावी-उजवी पातळी, चाकाखाली ठोकळे घालून, गाडी जोडलेली असतानाच. मग चाकांना दोन्ही बाजूंनी पक्की अडण. मग गाडी सोडायची आणि पुढच्या जॅकनं पुढची-मागची पातळी साधायची. त्यानंतर चारही कोपऱ्यांचे आधार खाली, आणि सगळ्यात शेवटी पलंग. मागचे आधार न टेकवता मागचा पलंग उघडून कुणी त्यावर चढलं तर सगळं वजन एक्सलच्या मागे जातं आणि ट्रेलरचं पुढचं टोक उचललं जाऊ शकतं. मुलं उत्साहानं आधीच वर चढतात, तेव्हा हे कडकपणे सांभाळा. कोपऱ्यांचे आधार फक्त हलणं थांबवण्यासाठी आहेत, त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही. सांगाडा पिळवटला की दारं नीट मिटत नाहीत. पलंगाला लिहिलेली वजनाची मर्यादाही वाचा आणि पाळा. खालचे टेकू जागेवर बसले आहेत याची दर वेळी हातानं खात्री करा.

वजनाबद्दल विक्रेते फार घाईनं बोलतात. माहितीपत्रकातलं 'कोरडं वजन' म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. बॅटरी, गॅस, पाणी, बाहेर लावायचं सावलीचं छत, भांडी, सायकली, यांतलं बरंच काही त्यात धरलेलं नसतं. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो. म्हणून कोरडं वजन बाजूला ठेवा आणि ट्रेलरवर लिहिलेलं कमाल वजन धरून हिशेब करा. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येणारा भार भरलेल्या ट्रेलरच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा. ट्रेलर 2000 किलोचा असेल तर 200 ते 300 किलो गाडीच्या मागच्या टोकावर बसतात, आणि हे वजन गाडीच्या भारवाहन क्षमतेत मोजलं जातं, त्यात बसणारी माणसं आणि डिकीतलं सामान धरून. 'माझी गाडी इतके किलो ओढते' एवढ्यावर विसंबू नका. ओढण्याची क्षमता शिल्लक असते आणि भारवाहन क्षमता आधीच संपलेली असते, असं कुटुंबाच्या गाडीत सर्रास होतं. गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा, आणि सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर जा. हिचवर दहा टक्क्यांपेक्षा कमी भार असेल तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागण्याचा धोका वाढतो. मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात जड सामान कोंबण्याचा मोह त्यासाठीच टाळायचा. वजन वाटून देणारा हिच आणि डोलणं रोखणारी यंत्रणा हा खर्च आमच्या मते ऐच्छिक नाही. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवलेला हवाच.

बॅटरीचं थोडक्यात. साधी शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरू देऊ नका. स्थिर असताना 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.1च्या आसपास म्हणजे निम्मी. थंडीत हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि कापडातून ऊब निसटत असल्यामुळे हायब्रिडमध्ये तो पंखा पक्क्या ट्रेलरपेक्षा जास्त वेळ फिरतो. लिथियम बॅटरी घेतलीत तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, एवढं लक्षात असू द्या. ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा. अलार्मचंही आयुष्य असतं, मागच्या बाजूला तारीख छापलेली असते.

टाक्यांचे नियम सगळ्या ट्रेलरसारखेच: मैल्याची टाकी भरेपर्यंत झडप बंद, रिकामी करताना आधी ती, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. बाहेरच्या नळाला जोडताना दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. गिझरची विजेची कॉइल टाकीत पाणी असल्याशिवाय चालू करू नका, क्षणात जळते.

जुना हायब्रिड घेत असाल तर आणखी सावध. पक्क्या ट्रेलरमध्ये पाणी मुख्यतः छत, खिडक्या आणि जोडांतून शिरतं, इथे त्यांच्या जोडीला प्रत्येक पलंगाच्या दाराभोवतीचं रबर आहे. पावसात गाडी चालवताना पुढच्या दारावर पाणी वाऱ्याच्या जोरानं आदळतं आणि थकलेल्या रबरातून आत सरकतं. म्हणून पाहायला जाल तेव्हा दोन्ही पलंग उघडायला लावा. 'इथे जागा नाही, पण कापड उत्तम आहे' असं उत्तर मिळालं तर परत फिरा. दिवसाउजेडी तंबूत बसून सगळ्या झडपा बंद करा, बारीक भोकं उजेडानं लगेच दिसतात. गादी उचलून फळी हातानं दाबा, बिजागरीजवळची जमीन पायानं दाबा. मऊ लागली तर आत लाकूड कुजलं आहे. बाहेरच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर थर सुटले आहेत, आणि ती दुरुस्ती फार मोठी असते. मालकाची तयारी असेल तर मिटलेल्या दारांवर नळीनं पाणी मारून आत बघा.

घेतल्यावर वर्षातून दोनदा छतावर चढून जोडांवरचं सीलंट तपासा आणि भेग दिसली तर छताच्या जातीला चालणारंच सीलंट भरा, साधं सिलिकॉन नको. दारांच्या रबराला रबरासाठीचंच रक्षक द्रव्य लावा, खनिज तेल लावलं तर ते फुगून खराब होतं.

टायरवर बाजूला चार आकडी शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जायच्या आधी वयानं जातात, त्यामुळे नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आणि चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर पहिल्या 80 किलोमीटरनंतर थांबून नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा.